‘तुझा नंबर तर चिठ्ठीनं लागला!’

नाशिकचं कुटुंब. वडील अंबडच्या कारखान्यात, घर सिडकोत, मुलगी चौथीत. (ओळख लपवण्यासाठी काही तपशील बदलले आहेत.) पहिलीला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखून ठेवलेल्या मोफत जागांच्या, सोडतीत जवळच्या खासगी इंग्रजी शाळेसाठी नाव निघालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. आता मुलगी वर्गात हात वर करत नाही. समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या वडिलांनी बसताक्षणी विचारलं, "मॅडम, ती मेरिटवर नाही ना लागली. मग मागेच पडणार का?"

फी भरणारे पालकही असंच काहीतरी विचारतात: या मुलांमुळे वर्गाचा दर्जा घसरेल का? दोघांनीही धरून चाललेलं असतं, की बाकीची मुलं गुणवत्तेवर आली. पण पहिलीत गुणवत्तेवर येतं कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड. सहा वर्षांच्या पोराचं ‘मेरिट’ म्हणजे बहुतेकदा आईबापाचा पगार आणि घरात बोललं जाणारं इंग्रजी. हे ऐकल्यावर वडील जरा सैलावून बसले.

वह्या पाहिल्या. गणित चांगलं, मराठी तर सुरेख. अडत होतं इंग्रजी बोलण्यात. पण गप्प होण्याचं कारण वेगळंच निघालं. शाळेतले क्लार्क कागदपत्रांसाठी वर्गात येऊन "आरटीईवाले उभे राहा" म्हणायचे. त्यानंतर बाकावरची मैत्रीण म्हणाली, तुझा नंबर तर चिठ्ठीनं लागला.

वडील मुख्याध्यापिकांना भेटले, आणि असे निरोप पालकांच्या मोबाइलवर जाऊ लागले. (भांडावं लागलं नाही. बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं.) घरी रोज दहा मिनिटं इंग्रजी मोठ्यानं वाचायचं, आईनं फक्त ऐकायचं, चुका काढायच्या नाहीत. शिकवणी नको म्हटलं. आणि मुलीशी खोटं बोलायचं नाही: हो, चिठ्ठीत नाव निघालं, त्या २५ टक्के जागा कायद्यानंच ठेवल्यात, कुणाची मेहेरबानी नाही.

दिवाळीनंतर ती मराठीच्या तासाला हात वर करू लागली. इंग्रजीच्या अजून नाही. वडिलांना आता नववीची काळजी आहे, आणि ती रास्त आहे, कारण फीमाफी आठवीपर्यंतच. दरमहा थोडे पैसे बाजूला टाका, म्हटलं, आणि जवळच्या अनुदानित सेमी इंग्रजी शाळाही बघून ठेवा.