नाव तुझं, पण नोंदणी कुणाच्या नावावर?

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

घाण्याच्या तेलासाठी वेबसाइट काढतेयस, चार नावं पाठवलीस आणि "काका, यातलं कुठलं घेऊ?" असं विचारलंस. उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून हे पत्र.

'लाकडी घाणा' आधी खोडून टाक. रोमन लिपीत लिहिलंस की आफ्रिकेतला घाना देश होतो, आणि शेवटचा 'ए' कुणी गिळला तर नुसती घाण उरते. चेष्टा सोड. खरी अडचण अशी, की ते मालाचं वर्णन झालं. उद्या पलीकडच्या गल्लीत कुणी तेच दोन शब्द डब्यावर छापले तर त्याला अडवणार कशी? नुसतं वर्णन करणारा शब्द ट्रेडमार्कवालेही सहसा नोंदवून घेत नाहीत.

उरलेल्या तीन नावांसाठी एक कर. आत्याला फोन लाव, नाव एकदाच सांग, आणि ते इंग्रजी अक्षरांत लिहून फोटो पाठव म्हण. असं पाच जणांकडून करून घे. मराठी नावाचं दुखणं इथं कळतं. 'व'साठी कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. 'श्री'ची तीन-तीन स्पेलिंगं. 'ज्ञ' आपण डी-एन-वायने लिहितो, हिंदीवाला जी-वायने. 'ळ'ला तर रोमनमध्ये जागाच नाही. तुझं 'ओंजळ' मला फार आवडलं गं, म्हणूनच ते आधी तपासून बघ. पाचांतल्या चौघांनी एकसारखं लिहिलं तेच नाव घ्यायचं. डॅश आणि आकडे नकोतच. "मधे आडवी रेघ आहे हं" हे सांगेपर्यंत गिऱ्हाईकाने फोन ठेवलेला असतो.

एका अक्षराने काय होतं ते रेडिफ या वेबसाइटवाल्यांना विचार. कुणीतरी 'ई'च्या जागी 'ए' घालून 'रॅडिफ डॉट कॉम' घेतलं, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९९९ साली कोर्टाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. डोमेन म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं कोर्टाचं म्हणणं. पुढे २००४ मध्ये सिफी या इंटरनेट कंपनीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा धरली. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा डॉट कॉम आणि डॉट इन एकाच दिवशी घेणं कितीतरी स्वस्त. सोबत लोक हमखास करतील ते एक चुकीचं स्पेलिंगही घे. वीस प्रकार घेऊन दरवर्षी भरत बसू नकोस. देवनागरीत डॉट भारत २०१४ पासून मिळतंय. हौस असेल तर घे, पण धंद्याचा मेल त्यावर ठेवू नकोस.

घेण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर ते नाव शोध. खाद्यतेल वर्ग २९ मध्ये येतं. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला ४,५०० रुपये आहे. जीएसटीच्या कागदावर नाव आहे म्हणजे ते आपलं झालं, हा गैरसमज मीही बरीच वर्षं बाळगला. डॉट इनचा तंटा निक्सीच्या, म्हणजे डॉट इनचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, लवादापुढे जातो, आणि तिथं नावावरचा तुझा हक्क तुलाच दाखवावा लागतो. म्हणून पहिलं बिल, पहिलं लेबल फाइलला लावून ठेव.

आता माझी गोष्ट. आमच्या छपाईच्या कामाची साइट एका हुशार मुलाने करून दिली. डोमेनही त्यानेच घेतलं, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मेलवर. मी पैसे दिले आणि विसरलो. पुढे तो नोकरीला परगावी गेला, मेल बदलला. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी सूचना येतात. त्या आल्याही असतील, त्या बंद पेटीत. मला कळलं ते नाशिकच्या गिऱ्हाईकाच्या फोनवरून: "साहेब, तुमच्या साइटवर रमी लागलीय." तोवर नाव दुसऱ्याचं झालं होतं. गोदामात जुना पत्ता छापलेली चार हजार खोकी. तुझी काकू, मी आणि दोन पोरं, चार रात्री बसून त्यांवर पांढरे स्टिकर लावले. एक खोकं अजून माळ्यावर आहे. नखाने स्टिकर खरवडलं की खालचा पत्ता दिसतो.

त्या मुलाला दोष देत नाही. डोमेन विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं, आणि भाडेपावती त्याच्या नावावर होती. मायक्रोसॉफ्टही १९९९ च्या नाताळात पासपोर्ट डॉट कॉमचं भाडं भरायला विसरली, आणि त्यावरूनच लॉगिन होणारं तिचं हॉटमेल अडलं. शेवटी एका प्रोग्रॅमरने पदरचे ३५ डॉलर भरले.

म्हणून खातं तुझ्या नावावर, कार्ड तुझं. खात्याचा मेल मात्र त्याच डोमेनवरचा नको. डोमेन गेलं तर मेलही जाईल आणि पासवर्ड बदलायचा रस्ताच बंद. ट्रान्सफर लॉक, म्हणजे नाव परस्पर दुसरीकडे हलू न देणारं कुलूप, आणि दुहेरी पडताळणी चालू ठेव. ट्रान्सफरचा कोड म्हणजे तिजोरीची किल्ली, वेबसाइट करणाऱ्या पोराला तो लागत नाही. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. तू पाचाचं घे, पण पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नकोस, पुढच्या वर्षांचा दर आधी बघ. चुकून मुदत गेलीच तर लगेच धावपळ कर. डॉट कॉम पुसायला काढलं की पुढचे ३० दिवस ते जादा पैसे मोजून सोडवता येतं. त्यानंतरच्या पाच दिवसांत काही करता येत नाही, मग ते बाजारात.

नोंदणी झाली की "परदेशी कंपनी तुमचं नाव घेतेय, आजच पैसे भरा" असले मेल येतील. उत्तरही देऊ नकोस.

पुढच्या रविवारी बार्शीला येतोय. आत्याचे आणि बाकीच्यांचे कागद तयार ठेव. आणि करडईचं दोन लिटर तेल बाजूला काढ, काकूने सांगितलंय.

तुझा,
काका