पस्तिशीतच पस्तावा?

अरे बाबा, तू लिहिलंस की पस्तिशीत आलो अन् जुन्या निर्णयाचा पस्तावा होतोय, भावाशी बोलणंबी बंद आहे. आत्ताच कामून पस्तावत बसलास? मी अठ्ठावन्न वर्षांचा, ऐक. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तवा माझ्या हातात पुण्याच्या कंपनीचं नोकरीचं लेटर होतं, पण आई रात्री घरात झोपायलाच तयार नाही, पत्र्याच्या शेडमधी कंदील लावून बसायची, म्हणून राहिलो आमच्या गावी औशातच अन् पुढं वीस वर्षं तिच्यावरच चिडचिड केली. (लेटर अजून ट्रंकेत आहे, उंदरानं कोपरा खाल्लाय.) तू एक कर, निर्णय घेतलास त्या टायमाला तुला जेवढं माहीत होतं तेवढंच वहीत लिही, आजची अक्कल त्यात घुसडू नको. अन् भावाशी अबोला धरलायस ना, तो या दिवाळीलाच मिटव. माझं आईची माफी मागायचं राहिलं, ती गेली.