‘जुना’ विषय घ्यावा का?

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता व ज्ञानाधारित समस्या-निराकरण’ हा ऐच्छिक विषय कालबाह्य असल्याने तो सोडून मशीन लर्निंगच घ्यावे, असे तिच्या मैत्रिणी सांगतात, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते तिने हा विषय घ्यावा.

१९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ ही ज्ञानाधारित, म्हणजे तज्ज्ञांचे ज्ञान नियमांच्या रूपात साठवणारी, संगणक प्रणाली तयार झाली. रक्तातील जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक सुचवण्यासाठी तिच्यात तज्ज्ञांकडून मिळवलेले सुमारे ६०० ‘जर-तर’ नियम होते. नियमांचा साठा आणि त्यांवरून निष्कर्ष काढणारी यंत्रणा वेगळी ठेवलेली असल्यामुळे, ‘हा प्रश्न का विचारलास?’ असे डॉक्टरांनी विचारले, तर ती आपण कोणता नियम तपासत आहोत ते दाखवीत असे. रुग्णालयांच्या रोजच्या कामात मात्र ती कधीच आली नाही. शिवाय, तज्ज्ञाला जे सवयीने कळते ते त्याच्याकडून वदवून घेऊन नियमांत बसवणे फार जिकिरीचे ठरते, हे अशा प्रणाली बांधताना पुढेही वारंवार दिसले. विदेवरून (डेटावरून) स्वतः शिकणाऱ्या पद्धती, म्हणजेच मशीन लर्निंग, पुढे गेल्या त्या यामुळेही. तेव्हा मैत्रिणींचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तरीही उत्तरामागचे कारण सांगता येणे ही गरज संपलेली नाही. एखाद्याचे कर्ज नाकारणाऱ्या यंत्राला ‘का?’ हा प्रश्न आजही विचारावाच लागतो.

आपली द्राक्षबाग आहे, हे वाचून एक सुचले. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली, तर आपण त्या रोगाला केवडा म्हणता. राखेसारखी पांढरी भुकटी दिसली, तर भुरी. आपल्याशी बोलून तिने असे तीस-चाळीस नियम प्रोलॉग किंवा पायथन या संगणकीय भाषेत मांडावेत. दोन नियम एकमेकांशी भांडू लागले की खरा अभ्यास सुरू होईल, आणि मुलाखतीत सांगायला स्वतःचे काही तिच्याकडे असेल.

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत २०२४ पासून असलेल्या ‘डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता’ या पेपरातही शोधपद्धती, तर्कशास्त्र आणि अनिश्चिततेतील अनुमान आहेच. मशीन लर्निंगसाठी संभाव्यता आणि रेषीय बीजगणित तिने आतापासूनच पक्के करावे. अर्ज भरण्यापूर्वी या विषयाला प्रात्यक्षिक आहे का, एवढे विचारून घ्यावे. नसल्यास बागेचा प्रकल्प तिने सुटीत स्वतःहून करावा.