आफ्रिकेतील पतंगाचे नाव पन्हाळ्याच्या पतंगाला लावावे का?

प्रश्न : पावसाळ्यात पन्हाळ्यावर दिव्याजवळ आलेल्या एका करड्या पतंगाचे छायाचित्र मी मोबाइलवरील ओळख सांगणाऱ्या ॲपला दाखवले, तेव्हा पूर्व आफ्रिकेतील एका जातीचे नाव आले. त्या जातीविषयी शोधले असता शास्त्रज्ञाचे नाव, शंभरेक वर्षांपूर्वीचे साल, पंखांचा विस्तार आणि देश एवढ्याच दोन ओळी मिळाल्या. नाव व साल कंसात होते. एवढ्या माहितीवर जाती ठरते कशी, आणि माझा पतंग तोच मानावा का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. निव्वळ छायाचित्रावरून तो पतंग आफ्रिकेतील जातीचा मानू नये.

आपल्याला मिळालेल्या दोन ओळी त्रोटक आहेत, पण जाती त्या ओळींवर उभी नसते. ती एखाद्या संग्रहालयात टाचणीला लावून जपलेल्या प्रत्यक्ष नमुन्यावर उभी असते. या नमुन्याला होलोटाइप म्हणतात, आणि 2000 सालापासून नव्या जातीचे नाव ग्राह्य ठरण्यासाठी असा नमुना स्पष्टपणे नेमणे बंधनकारक आहे. जुन्या काळी तसे बंधन नव्हते. निलगिरीत चहाचे मळे सांभाळलेल्या आणि पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम केलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांच्यासारख्या अभ्यासकांकडे वसाहतींतून वाळलेले पतंग येत, आणि सोबतच्या चिठ्ठीवर गाव, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव यांपलीकडे फारसे काही नसे. अळी कोणत्या झाडावर वाढते हे चिठ्ठीत नसेल, तर ते वर्णनात कुठून येणार? नर आणि मादी दिसायला वेगळे असल्याने एकाच जातीला दोन नावे पडल्याचेही प्रकार झाले आहेत.

करड्या पतंगांच्या बाबतीत तर पंखांवरची नक्षी फार फसवी असते. पंखांवरचे खवले झडले की रेषा पुसट होतात, आणि एकाच जातीतही रंग गडद-फिका असतो. म्हणून अभ्यासक वाळलेल्या नमुन्याचे पोट अलगद काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करतात, मऊ भाग विरघळला की जननांगांचे कठीण भाग वेगळे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आकार होलोटाइपशी ताडून पाहतात. वरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती पुष्कळदा येथेच वेगळ्या पडतात. जोडीला आता डीएनएची तुलनाही करतात. छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही, आणि ॲप फक्त आपल्या साठ्यातील चित्रांशीच तुलना करते. सह्याद्रीतील एखाद्या जातीचे चित्र त्या साठ्यात नसेल, तर त्याला आफ्रिकेतील नातेवाईकच जवळचा वाटणार.

शिवाय वर्णन झाले म्हणजे निकाल लागला असे नाही. मादागास्करमधील एका ऑर्किडची सुमारे 30 सेंटिमीटर लांबीची मधुनळी पाहून तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तेथे असला पाहिजे, असे डार्विनने 1862 मध्ये लिहिले. रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन या कीटक-अभ्यासकांनी 1903 मध्ये तशा पतंगाचे वर्णन केले, तेव्हा त्याला आफ्रिका खंडातील झँथोपॅन मॉर्गनी या जातीची उपजाती मानले. शरीररचना आणि डीएनए यांतील फरक तपासून 2021 मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. इतका गाजलेला पतंग जिथे शतकभर उपजाती राहिला, तिथे दोन ओळींच्या जातीबाबत सावध राहणेच योग्य.

आता कंसाविषयी. मूळ वर्णनकाराने जाती ज्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) ठेवली होती तिच्यातून ती पुढे दुसऱ्या प्रजातीत गेली, की त्याचे नाव कंसात लिहितात. आपल्याकडे कण्हेरीवर आणि तगरीवर ज्याची अळी सापडते, तो हिरव्या संगमरवरी नक्षीचा पतंग याचे चांगले उदाहरण आहे. लिनिअसने 1758 मध्ये त्याला स्फिंक्स प्रजातीत ठेवले होते. आज तो डॅफ्निस नेरी (लिनिअस, 1758) असा लिहितात. हाच पतंग आफ्रिकेतही आढळतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच जाती असणे अशक्य नाही, हेही लक्षात ठेवावे.

आपण पुढील वेळी पतंगाचे वरून आणि पंखांच्या खालच्या बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. तारीख, ठिकाण आणि जवळची झाडे नोंदवावीत, व अळी दिसली तर ती कोणते पान खाते हे अवश्य लिहावे. राधानगरीसारख्या अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय नमुना गोळा करू नये. महाविद्यालयातील कीटक-अभ्यासकाने तपासणी करेपर्यंत नोंदवहीत ओळख पटेल तेवढेच, म्हणजे कुळाचे नाव आणि पुढे ‘जाती अनिश्चित’, असे लिहावे.