घटस्फोटानंतर परत एकत्र गायलेली कंट्री म्युझिकमधली जोडी कोणती? कुठलं गाणं ऐकू?

जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट, दुसरं नाव डोक्यातच येत नाही. १९६९ ला लग्न, १९७५ ला घटस्फोट (जॉर्जची दारू हा उघड विषय होता, लपवाछपवी काही नाही) आणि लगेच १९७६ मध्ये दोघांचं 'गोल्डन रिंग' आलं ते थेट बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या कंट्री चार्टवर एक नंबर. सुरुवात याच गाण्यापासून करा. शिकागोतलं गहाणवटीचं दुकान, तिथे एक जोडपं अंगठी घेतं, छोट्याशा चर्चमध्ये लग्न लागतं, मग भांडणं होतात, बायको अंगठी फेकून देते आणि शेवटी तीच अंगठी परत गहाणवटीच्या दुकानात, बघायला नवीन जोडपं हजर. तीनेक मिनिटांत अख्खा संसार आटोपतो, आणि गाणारे दोघं नुकतेच कोर्टातून मोकळे झालेले, म्हणजे बघा.

प्रोड्युसर बिली शेरिल. त्याच्या बाकीच्या रेकॉर्डांत व्हायोलिनचा मारा असतो, तो कधीकधी मला जरा जास्तच वाटतो, पण इथे गिटार पुढे आणि मागे चर्चमधल्यासारखा कोरस, त्यामुळे दोघांचे आवाज मोकळे ऐकू येतात.

नंतर १९८० मध्ये 'टू स्टोरी हाऊस' आलं, तेही दोन नंबरपर्यंत गेलं. १९९५ ला 'वन' नावाचा दोघांचा एकत्र शेवटचा अल्बम, तोवर दोघांची दुसरीकडे लग्नं होऊन बरीच वर्षं झालेली, टॅमी १९९८ ला गेली. तो अल्बम ठीकठाक आहे, आधीची दोन गाणी आवडली तरच त्याच्या वाटेला जा.