जुन्या युरोपीय चित्रांतली आपल्याकडची फळं कितपत खरी? हॉलमध्ये लावायला प्रिंट घेऊ का?

घ्या की. पण प्रश्न वाचून मला साडू आठवला, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या हॉलमध्ये ‘होर्टुस मलाबारिकुस’ या मलबारच्या (म्हणजे केरळच्या) झाडाझुडपांवरच्या जुन्या लॅटिन ग्रंथातला नारळ आहे. १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडातलं पहिलंच चित्र. (स्कॅनवरून काढलेली प्रिंट, मूळ परवडायला मी कोण?) त्यावर झाडाचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरीत. साडूंनी हातातला कप खाली न ठेवताच निकाल दिला, “डचांच्या चित्रावर देवनागरी? दुकानदारानं कंप्युटरवर टाकून तुला गंडवलंय.”

मी माणूस शिक्के कोरणारा. वडिलांच्या हाताखाली पितळेवर उलटी अक्षरं कोरत मोठा झालो. अशी जुनी चित्रं ज्यावरून छापत त्या तांब्याच्या पत्र्याचंही तेच, उलटं कोराल तेव्हा कागदावर सुलटं येतं. एकदा मशिदीसाठी उर्दू शिक्का केला. उर्दू मला ओ की ठो कळत नाही. चिठ्ठीवरचे नुक्ते मोजून मोजून कोरले, तरी एक खालचा वर गेला. मौलवीसाहेबांनी शिक्का उमटवून पाहिला, हसले आणि परत दिला. त्या नारळावरची नागरी अगदी तशी आहे. लिहिलेली नाही, बघून बघून चितारलेली. कंप्युटरचा फॉन्ट असा चाचपडत नाही.

त्याच खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघांचा, झाडांची माहिती आपण दिल्याचा, नागरीतला दाखला छापलाय, वैद्य इट्टी अच्युदन यांचाही आहे. कोचीच्या डच गव्हर्नरानं, व्हान रेडेनं, ग्रंथ केला तो यांच्या जिवावर. हे दाखवल्यावर साडू म्हणतात, “मग मराठीच असेल ती.” कोकणी, अण्णा, कोकणी!

तर तुमचं. चित्रकार झाडापाशी गेला होता का, एवढं बघा. मलबारची चित्रं जागेवर काढलेली, पत्रे तेवढे हॉलंडात कोरले. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार तर वयाच्या पन्नाशीनंतर, १६९९ साली, मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली. तिच्या १७०५च्या ग्रंथात पहिलंच पान अननसाचं, त्यावर झुरळं. आमच्या घरी ते लावायला परवानगी नाही.

हां, एक राहिलं. ‘होर्टुस’ची छपाई काळीच. रंगीत नारळ दिसला तर रंग मागाहून भरलेला समजा. दुकानदार ‘छपाईतलाच रंग’ म्हणून जास्त पैसे मागू लागला तर मात्र आमच्या साडूंना बरोबर न्या.