जुन्या जीपच्या क्लच पेडलचं भोक अंडाकृती झालंय. वेल्डिंगने भरून घरीच दुरुस्त करता येईल का?

वेल्डिंगने भरू नका, बुश घाला, म्हणजे भोकात घट्ट बसणारी धातूची छोटी नळी. तुमच्याकडे व्हाइस आणि हँड ड्रिल असेल, तर बरंचसं काम घरी होईल. एवढंच की भोक मोठं करायचं काम लेथवाल्याकडे द्या. हँड ड्रिल अंडाकृती भोकात सरळ चालत नाही, झिजलेल्या बाजूलाच ओढलं जातं.

भोकात वेल्डिंग टाकलं की आत उंचसखल थर बसतो, काही जागी तो कडकही होतो. मग कानशीने घासून खरं गोल भोक काढणं जवळजवळ अशक्य. पेडल ज्या दांड्यावर फिरतं त्या शाफ्टला ते दोन-तीन ठिकाणीच टेकतं आणि लवकरच पुन्हा हलायला लागतं.

आधी शाफ्ट मोजा. पेडल जिथे घासत नाही त्या टोकाला मूळ माप मिळतं. घासलेल्या जागी फिरवून फिरवून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा. बोटाला पायरी लागत असेल तर शाफ्टही नवा करा, ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा. झिजलेल्या शाफ्टवर नवा बुश घालणं म्हणजे पैसे वाया.

समजा शाफ्ट 20 मिमीचा आहे. पेडलचं भोक 25 मिमी करून घ्या, पण त्यानंतर भोवती पुरेसा धातू उरतोय का ते आधी बघा. गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) बुश बाहेरून 25.02 ते 25.03 मिमी ठेवायला सांगा. हातोड्याने ठोकू नका, कड चेपते. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि पेडल उकळत्या पाण्यात चांगलं तापवा. एक आकसतो, दुसरं फुगतं, आणि मिळून साधारण 0.04 मिमी जागा होते. पेडल पुसून लगेच बुश सरकवा. अडलाच तर लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट लावून ओढून घ्या.

बुश बसला की त्याचं आतलं भोक किंचित आवळतं, म्हणून शेवटचं माप बसवल्यानंतरच रीमरने (भोक अचूक मापाचं करणाऱ्या हत्याराने) काढायचं. शाफ्टपेक्षा 0.05 मिमी मोठं पुरे. आत ग्रीसची खाच हवीच, आणि शक्य असेल तर ग्रीस भरायचं निपलही. मला ही पद्धत आवडते ती अशासाठी, की बुश शाफ्टपेक्षा मऊ असतो. पुढे झिजेल तो बुश, आणि तो स्वस्तात बदलता येतो.

एक मात्र कळकळीने सांगतो. हीच हिंमत स्टीअरिंगचे जोड, स्टब अ‍ॅक्सल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो छोटा दांडा) किंवा ब्रेकच्या भागांवर करू नका. तिथलं पोलाद वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ होतं आणि चीर बाहेरून दिसतही नाही. ते भाग नवेच घ्या. आणि गाडीवर कुठेही वेल्डिंग करायची वेळ आली, तर आधी बॅटरीच्या वायरी काढा.